उजवा कौल

"फुडं," ती म्हणायची आणि मुसळ या हातातून त्या हातात घ्यायची. मुसळ वर असतानाच हात बदलायचा, म्हणजे खांदा दमला तरी घाव चुकत नाही. आमच्या मागल्या ओसरीच्या पायरीवर तिचा भाऊ पुस्तक धरून बसलेला असायचा. त्याची ओळ संपली की हिचं "फुडं". पुस्तक इंग्रजी होतं आणि तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण कीर्तनाला बसलेल्या बाईने ऐकावं तसं मान हलवत ती सगळं ऐकून घ्यायची.

सगळे तिला अक्का म्हणत, मीही तेच म्हणते. वेळवंडी नदीच्या काठी तिचं माहेर होतं. भाटघरचं नवं धरण भरलं तेव्हा ते गाव पाण्यात गेलं. आई आधीच गेली होती. बाप डोंगराच्या कडेला नवी झोपडी घालून राहिला आणि वर्षाच्या आत तोही गेला. अक्काला मूलबाळ झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केलेली. त्याचं घर तिकडे वेल्ह्याच्या अंगाला. बापाच्या दिवसांना म्हणून ती माहेरी आली ती परत सासरी गेलीच नाही. धाकट्या भावाला, सदूला, घेऊन ती भोरात आली आणि त्याला इंग्रजी शाळेत घातलं. आमच्या परसात गोठ्याला लागून एक खोली होती, ती तिला दिली होती. भाड्याच्या जागी ती आमचं भात कांडायची, आणि आळीतल्या आणखी चार घरचंही.

मी लग्न होऊन भोरात आले तेव्हा सदू सहावीत होता. तेव्हा इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. आमचे हे त्याच शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे सदूचं पाणी किती खोल आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तो मठ्ठ नव्हता. मठ्ठ पोराची मला कीव येते, राग येत नाही. सदूला समजायचं सगळं, पण समजून काही करावंसं वाटायचं नाही. वही उघडून बसला की घटकाभराने पाहावं तर वही तिथेच आणि हा तिथेच. उनाडक्या नाहीत, विडी नाही, उलट उत्तर नाही. निदान उनाड असता तर ओढून आणायला काहीतरी हाती लागलं असतं.

अक्काचा मात्र ठाम समज होता की आवाज येतोय म्हणजे अभ्यास चाललाय. तिच्या गावात पोथी वाचणारा माणूस मोठ्याने वाचायचा, तेच तिने धरलेलं. सदूनेही ते ओळखून ठेवलं होतं. माझं शिक्षण मराठी चार यत्तांचं, पण कान शाबूत होते. एकदा माझ्या लक्षात आलं की आठवडाभर तो एकच पान वाचतोय. मी अक्काला सांगितलं.

ती सुपातलं भात पाखडत होती. "आसंल," ती म्हणाली. "तुमच्यात बी रोज तीच आरती म्हंत्यात न्हवं? देव कदी म्हनतो का, ही काल झाली म्हून?"



इतिहासाचं पुस्तक असलं की ती मध्येच थांबवून अर्थ विचारायची. सदू दोन शब्दांत सांगायचा, अमक्या राजाने तमक्या राजाचा मुलूख घेतला. "मंग त्या मुलखातली मानसं कुठं गेली?" ती विचारायची. सदू म्हणायचा, ते पुस्तकात नाही. "मंग कसलं पुस्तक," असं म्हणून ती पुन्हा मुसळ उचलायची. "फुडं."

एक दिवस तर ती सूप घेऊन शाळेतच गेली. ह्यांचा तास चालला होता. वर्गाच्या खिडकीखाली भिंतीला टेकून ती पाखडत बसली, पुष्कळ वेळ. मग उभी राहून गजातून आत बघत म्हणाली, "मास्तर, आमच्या सदूचा आवाज न्हाई आला आजून." सगळा वर्ग हसला. हे घरी येऊन सांगत होते तेव्हा त्यांनाही हसू आवरत नव्हतं. "आणि सदू?" मी विचारलं. ते म्हणाले, "तो खिडकीकडे बघत होता. दुसऱ्याच कुणाची तरी बहीण असावी तसा." मग आम्ही दोघंही हसायचं थांबलो.

ती एवढी का धडपडत होती ते मला सदू सातवीत गेला त्या दिवाळीच्या सुमाराला कळलं. तिच्या सासरहून निरोप आला. सवतीला तीन पोरं झाली होती, चौथं पोटात होतं आणि भाताच्या रानात माणूस कमी पडत होतं. सासऱ्याने कळवलं होतं की तुझ्या भावाची परीक्षा होईपर्यंत वाट बघतो, मग आणायला येतो. निरोप आणणाऱ्याने हेही सांगितलं की या खेपेला नाही म्हणालीस तर हाताला धरून नेतील. तिचा एक हात कोपरापासून थोडा वाकडा होता. मी तो जन्माचा समजत होते. त्या दिवशी तिने तो कसा झाला ते सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, हात थांबले नाहीत.

"सदू पास झाला तर धरनाच्या कचेरीत कारकुनी मिळंल, मास्तर म्हंत्यात," ती म्हणाली. "मंग मी कारकुनाची भन. त्येच्या भाकरी थापीन, त्येचं लगीन करीन. सायबाच्या हाताखालच्या मानसाची भन वढून न्यायची छाती न्हाई त्यांची."

"आणि नापास झाला तर?"

"तर काय. जायचं." तिने कोंडा फुंकला. "सदूला सांगू नगा, वैनी. त्येच्या डोस्क्याला भार हुईल."

माझं मत विचाराल तर त्या डोक्याला थोडा भार झाला असता तर बरंच झालं असतं. पण ती ऐकणारी नव्हती. बापाच्या मरणाचा भार त्याने एकदा सोसलाय, आता पुरे, एवढंच तिचं म्हणणं.

मीच मग एकदा सदूला बसवून विचारलं. म्हटलं, अरे, तुला करायचंय तरी काय? शेती? दुकान? पलटणीत जायचंय? तो बराच वेळ नखाने पायरीवरचं शेण कुरतडत होता. मग म्हणाला, "काय बी न्हाई, वैनी. खरंच काय बी न्हाई. सकाळी उठलं की वाटतं, आजून एक दिस आला." सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या तोंडून हे ऐकून माझा राग होता तो गेला, पण काय करावं तेही सुचेना. ह्यांनी त्याला रोज संध्याकाळी बीजगणितासाठी घरी बसवायला सुरुवात केली. तो यायचा, बसायचा, सांगितलं तेवढं करायचा.

आणि त्याच दिवसांत अक्काने तो कौलाचा घोळ घातला.

तुमच्यापैकी कुणी या भागातला असेल तर त्याला कौल सांगायला नको. इतरांसाठी सांगते. अडलेला माणूस देवापुढे प्रश्न ठेवतो. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ चिकटवतो आणि सगळे हात जोडून बसतात. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. अक्काच्या गावचा देव पाणी चढायच्या आधी उचलून वर डोंगरावर नेऊन बसवला होता. तिथे जाऊन ती विचारणार होती, सदू पास होईल का. देवाने हो म्हटलं की पोराला हुरूप येईल असा तिचा हिशेब. ती सदूला घेऊन गेली खरी, पण चढ बघून सदूला कंटाळा आला. तो खाली वाटेवरच झाडाखाली बसून राहिला. ती एकटी वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कांडायला आली. पायरीवर पुस्तक नव्हतं, सदूही नव्हता. ती उखळाशी बसली आणि मुसळाला हात न लावता म्हणाली, "वैनी, डावा पडला."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्या त्येला उजवा सांगितला," ती म्हणाली.

तिच्या माणसांत देवाचा कौल फिरवून सांगणं म्हणजे काय, हे तुमच्या ध्यानात यायला हवं. तिच्या गावात माणूस एक वेळ सख्ख्या भावाशी खोटं बोलेल, पण कौलाशी नाही. त्याने घरावर काय काय येतं ते ती मला पूर्वी सांगत असे. ते सगळं तिने अंगावर घेतलं होतं, आणि त्याचा उपयोग काय झाला? सदूने पुस्तक ठेवून दिलं. त्याला हुरूप नाही आला, त्याला सुटका मिळाली. देवाने सांगितलंय पास, मग वाचायचं कशाला. ती म्हणाली वाच, तर तो म्हणायचा, "आगं, झालंय न्हवं ते?" पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसत होतं, आणि ते पुसून टाकायची हिंमत तिला होईना.

मी म्हटलं, खरं सांगून टाक. ती म्हणाली, खरं सांगितलं तर ते पोर विहीर जवळ करेल. असं म्हणताना ती माझ्याकडे बघत होती, आणि ती वाढवून बोलत नाहीये हे मला दिसत होतं. मग मीही तो विषय काढला नाही.

शाळेतल्या चाचणी परीक्षेत सदू गणितात आणि इंग्रजीत गडगडला. असल्या मुलाला मॅट्रिकला पाठवत नसत. ह्यांनी हेडमास्तरांकडे शब्द टाकला म्हणून त्याचं नाव गेलं. परीक्षा पुण्याला असायची. दरवर्षी हे मुलांना घेऊन जायचे. त्या साली नेमका ह्यांना ताप भरला आणि मुलं आपापली सर्व्हिस मोटारीने गेली. अक्काने सदूला दही-साखर दिली, भाकऱ्यांचं फडकं बांधून दिलं, मोटार दिसेनाशी होईपर्यंत ती नाक्यावर उभी होती. आठवड्याने सदू उन्हाने रापून परत आला. पेपर कसे गेले म्हणून विचारलं तर म्हणाला, "बरं गेलं." अक्काने आळीत गूळ वाटला. सासरच्या माणसाला तिने सांगून पाठवलं, निकाल लागेपर्यंत थांबा.

निकाल वर्तमानपत्रात यायचा, आणि वर्तमानपत्र दुपारच्या मोटारीने. हे ओसरीवर बसून आकडे बघत होते. आळीतली दोन-तीन मुलंही जमली होती. अक्का खाली अंगणात उभी होती, सदू खांबाला टेकून. ह्यांनी पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. अक्का समजली. तेवढ्यात त्या मुलांतला एक, वकिलांचा मुलगा, चाचरत म्हणाला, "पण सर, सदू परीक्षेला नव्हताच. तो भाटघरला उतरला. म्हणाला, मागच्या मोटारीने येतो. परत आल्यावर म्हणाला, घरी सांगू नका."

मुलं हळूच निघून गेली.

"कुठं हुतास?" अक्काने विचारलं.

"घरी," सदू म्हणाला.

"कुठल्या घरी?"

"आपल्या. पानी वसरलंय. जोतं उघडं पडलंय, उंबरा हाय, आईचं उखळ हाय. उखळात गाळ भरला हुता, त्यो म्या काढला." मग तो म्हणाला, "लई खोल हाय ते. आत शेवटाला एक शिंपला गावला."

तुम्हाला सांगते, तो मुलगा माझ्यासमोर एवढं सलग कधी बोलला नव्हता. धरणाचं पाणी खाली गेलं की दरवर्षी ती जमीन वर येते. पुष्कळ लोक तिथे गाळात काकड्या, वाल पेरतात. हा मात्र चार फुटलेल्या भिंतींमध्ये बसून, पुण्यात पेपर चालले असताना, एक उखळ साफ करत होता.

"आन् परीक्षा?" अक्का म्हणाली.

"देवानं उजवा दिला हुता न्हवं? मंग बसलो काय आन् न बसलो काय. म्हनलं, बगू तरी खरा हाय का."

चेष्टा करतोय की काय म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. अक्का अंगणातून पायरीपर्यंत आली.

"डावा दिला हुता," ती म्हणाली. "म्या खोटं सांगितलं."

सदू खांबापासून सरळ झाला. त्याला निकाल ऐकून काही झालं नव्हतं, ते आता झालं. "मंजी तुला ठावं हुतं," तो म्हणाला. "मी पास हुनार न्हाई म्हून ठावं हुतं, तरी बी तू एवढं कांडलंस?"

"देवाला काय ठावं तू कोन ते," अक्का म्हणाली. "त्येला पान्यातनं उचलून नव्या जागी बसीवलाय. त्येचं त्येलाच आजून सुदरंना. म्या न्हाई आयकलं त्येचं."

सदू खाली बसला आणि रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा. ती त्याच्याजवळ गेली नाही. चुलीवर काहीतरी ठेवलंय असं म्हणत ती खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

सासरा न्यायला येणार होता त्याच्या आधीच्या दिवसांत तिने जे केलं ते मी विसरू शकत नाही. गरीब ब्राह्मणाची मुलं वार लावून जेवायची, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, हे आम्हाला नवं नव्हतं. पण कुणब्याच्या मुलासाठी असे वार कुणी मागितलेले मी ऐकले नव्हते. अक्का ज्या ज्या घरी कांडत होती त्या प्रत्येक घरच्या मागल्या दाराशी गेली. म्हणाली, आजवर जे कांडलं त्याची आठवण ठेवा आणि माझ्या सदूला आठवड्यातला एक दिवस द्या, एक साल. तो अंगणात जेवेल, आपलं पान आपण उचलेल. एका घराने तिला हाकललं. तिथल्या बाईंशी मी पुढे हळदीकुंकवालाही बोलले नाही. बाकीच्यांनी दिले, कुणी एक, कुणी दोन. आमच्याकडे मंगळवार आणि शनिवार. सासरा आला तेव्हा आठवडा भरलेला होता. त्याने बोचकं उचललं, ती मागोमाग निघाली. सदू नाक्यापर्यंत गेला. त्यांच्यात काय बोलणं झालं, ते त्याने कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी सदू वाचायचा. न बोलता, मनातल्या मनात, पायरीवर बसून. त्याला अभ्यास आवडायला लागला होता असं मी म्हणणार नाही. जिवावर आलेलं काम माणूस दात आवळून करतो तसं तो करत होता. आधीची सात वर्षं वाया गेली होती, ती एका वर्षात कशी भरून निघणार? या खेपेला हे स्वतः त्याला पुण्याला घेऊन गेले. प्रत्येक पेपराला तो शेवटची घंटा होईपर्यंत बसून राहिला. आणि इंग्रजीत नापास झाला. थोडक्यात, पण नापास.

त्याने पुन्हा रडारड केली नाही. ह्यांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला, आणि धरणावर पाणी सोडायच्या मोरीच्या दारांशी मजूर लागतात तिथे कामाला लागला. पुढे काही वर्षं दिवाळीला आमच्याकडे येत असे. मग येईनासा झाला. अक्का त्या सालानंतर फार काळ जगली नाही. बाजाराला आलेल्या तिच्या सासरच्या गावच्या माणसाने सांगितलं, तेही कुणाबद्दल तरी बोलता बोलता, की ती गेली. कशाने म्हणून विचारलं, तर त्याने नुसता हात उडवला.

पण ती गेल्याचं कळायच्या आधी मी तिला एकदा पाहिलं होतं. सदूचा तो दुसरा निकाल लागल्यावर पंधरवड्याने ह्यांना शाळेच्या कामासाठी वेल्ह्याकडे जायचं होतं, आणि मी हट्टाने बैलगाडीत चढले. सदू नापास झाल्याचं तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये असं मला वाटत होतं. तिच्या घराचा पत्ता विचारत गेलो तर घरी कुणी नव्हतं. सगळे खाचरात, भाताच्या लावणीला. बांधावर उभी राहून मी हाक मारली. रांगेतली एक बाई सरळ झाली आणि चिखलातून माझ्याकडे आली. ती अक्का आहे हे मला ती अगदी जवळ आल्यावर कळलं. गालाची हाडं वर आली होती, एका डोळ्याखाली निळं होतं. दोन्ही हात चिखलाने भरलेले, म्हणून तिने कोपरानेच नमस्कार केल्यासारखं केलं.

"बसला का?" तिने विचारलं.

"बसला," मी म्हटलं. "सगळ्या पेपरांना. शेवटपर्यंत."

पुढचं तिने विचारलं नाही. माझ्या तोंडावर ते लिहिलेलं असणार. मी बोलायला लागले, इंग्रजीत थोडक्यात गेलं, पुढच्या वर्षी परत बसता येतं, हे शिकवतील, वार आहेतच. ती ऐकत होती. मग म्हणाली, "नगं, वैनी. आता त्येला सोडा. त्येनं जेवडं करायचं तेवडं केलं."

"आणि तू?"

ती काहीतरी बोलणार होती, पण खाचरातून बाईमाणसाचा आवाज आला, "ए, उभी काय ऱ्हायलीस?" सवत असावी. अक्का लगेच वळली. पावसासाठी घेतलेली घोंगडीची खोळ डोक्यावर ओढत ती रांगेत जाऊन वाकली. रांगेतल्या साऱ्या बायकांच्या अंगावर तशाच खोळी होत्या, साऱ्या एकाच बाजूला तोंड करून वाकलेल्या, हात एकाच वेळी चिखलात जात होते. मी बराच वेळ बांधावर उभी होते. त्यातली ती कुठली, हे मला पुन्हा ओळखता आलं नाही.